कॅन्सस, १९०७–०८ : मोसम कोचने फिरवला की नव्या जिमने?

कॅन्सस विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे जुने निकाल वर्षावार वाचत गेलं की एका जागी अडखळायला होतं. १९०६–०७ : ७ विजय, ८ पराभव. १९०७–०८ : १८ विजय, ६ पराभव, शिवाय नव्यानेच स्थापन झालेल्या मिसुरी व्हॅली कॉन्फरन्सचं, म्हणजे आपसात स्पर्धा खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाचं, विजेतेपद. १९०८–०९ : २५ विजय, ३ पराभव. रडतखडत चाललेला संघ एका उन्हाळ्यात असा कसा पालटला?

याचं तयार उत्तर बास्केटबॉलवाल्यांना पाठ असतं. १९०७ पर्यंत संघ पाहत होते डॉ. जेम्स नेस्मिथ, म्हणजे ज्यांनी हा खेळ शोधून काढला तेच. त्यांच्या जागी आला फॉरेस्ट ‘फॉग’ अ‍ॅलन, अवघ्या बाविशीचा. खेळाच्या जन्मदात्याला जे जमलं नाही ते त्याच्या चेल्याने करून दाखवलं. गोष्ट गोड आहे, वर्गात सांगायला सोयीची आहे, आणि तिला आकड्याचा आधारही आहे. नेस्मिथ यांच्या नावावर ५५ विजय आणि ६० पराभव आहेत. विजयांपेक्षा पराभव जास्त असलेले कॅन्ससचे ते आजवरचे एकमेव मुख्य प्रशिक्षक.

अडचण एवढीच, की १९०७ साली एकटा कोच बदलला नव्हता. खेळायची जागा बदलली, स्पर्धेची रचना बदलली, सामन्यांची संख्याही बरीच वाढली. सगळं एकदम बदललं की नुसत्या निकालाकडे बघून श्रेय कुणाच्या पदरात टाकायचं हे ठरवता येत नाही. त्यासाठी मागची नऊ वर्षं आणि पुढची पंधरा-सोळा वर्षं उलगडून बघावी लागतात. सुदैवाने दोन्हींचे आकडे उपलब्ध आहेत.

प्रार्थनेसाठी आणलेला माणूस

नेस्मिथ मूळचे कॅनडातल्या आल्मॉन्टचे. नऊ वर्षांचे होता होता आईवडील विषमज्वराने गेले, मामाने वाढवलं. मॅक्गिल विद्यापीठाची पदवी, मग धर्मशास्त्राचं शिक्षण, मग स्प्रिंगफील्डची वायएमसीए (ख्रिस्ती तरुणांची संघटना) प्रशिक्षण शाळा. तिथे डिसेंबर १८९१ मध्ये वरिष्ठ ल्यूथर गुलिक यांच्या सांगण्यावरून, हिवाळ्यात जिममध्ये कंटाळून गेलेल्या वर्गासाठी त्यांनी जो खेळ काढला तो बास्केटबॉल. दोन पीचच्या टोपल्या, त्या टांगायला १० फूट उंचीवरचा सज्जा आणि १३ नियम. हा भाग सर्वश्रुत आहे, त्यावर वेळ घालवत नाही. त्यानंतर ते डेन्व्हरला गेले, तिथल्या वायएमसीएत काम करता करता वैद्यकीची पदवी घेतली आणि १८९८ मध्ये कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी आले.

कशासाठी आले, हे या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं. विद्यापीठाला हवा होता तो प्रार्थनासभा चालवणारा आणि विद्यार्थ्यांचा व्यायाम बघणारा माणूस. शिकागोच्या अमोस अलोन्झो स्टॅग यांनी, जे स्प्रिंगफील्डला नेस्मिथ यांच्या सोबत होते, त्यांचं नाव सुचवलं. ती शिफारस आजही चवीने सांगितली जाते : बास्केटबॉलचा शोधकर्ता, डॉक्टर, धर्मोपदेशक, उत्तम खेळाडू, दारू नाही, तंबाखू नाही, तोंडात शिवी नाही. लग्नाच्या बाजारातही याहून चांगलं स्थळ मिळणं कठीण! पण या यादीत ‘संघ जिंकवून देणारा’ असं काही नव्हतं, कारण तशी जागाच विद्यापीठात नव्हती. फुटबॉलला कोच असे. बास्केटबॉल हा तोवर जिममधला व्यायाम होता, ज्यात अधूनमधून सामने होत.

संघ उभा राहिला तो नेस्मिथ गावात होते म्हणून. ३ फेब्रुवारी १८९९ रोजी कॅन्सस सिटीच्या वायएमसीएने त्याला १६–५ असं हरवलं. तो विद्यापीठाचा पहिला सामना. मोसम संपला तेव्हा ७ विजय आणि ४ पराभव झाले होते, म्हणजे सुरुवात वाईट नव्हती. प्रतिस्पर्धी मात्र बहुतेक वायएमसीएचे संघ. त्या काळी हा खेळ पसरला तो वायएमसीएच्या सेक्रेटरींच्या पेटाऱ्यातून. स्प्रिंगफील्डच्या त्या पहिल्या वर्गातला टी. डंकन पॅटन हा १८९४ मध्ये तो भारतात घेऊन आला, तोही याच वाटेने. कॉलेजांनी खेळ उचलला तो उशिरा आणि तुकड्यातुकड्याने. पाच-पाच खेळाडूंचा दोन कॉलेजांमधला पहिला गाजलेला सामना, शिकागो १५ आणि आयोवा १२, जानेवारी १८९६ मधला. कॅन्ससच्या आसपास तेव्हा नियमित खेळणारी कॉलेजंच मोजकी होती.

अकरा फुटांचं छत

संघाची घरची जागा होती स्नो हॉल या इमारतीचं तळघर. तिथल्या छताची उंची ११ फूट. टोपलीची कडी १० फुटांवर. मधे उरला एक फूट, आणि खोलीच्या मधे छत पेलणारे खांब.

ज्याने कधी बास्केटबॉल हातात धरलाय त्याला पुढचं सांगायला नको. चेंडूला कमान द्यायची म्हटली तर तो छताला लागणार. म्हणजे लांबून नेम धरून टाकायचा प्रश्नच नाही. टोपलीखाली शिरायचं आणि सपाट, कडीला घासून जाईल असा चेंडू सरकवायचा. खांबाआडून पास द्यायचा तर सहकारी कुठल्या बाजूने येणार हे आधी माहीत हवं. अशा खोलीत वर्षभर सराव केलेला संघ उंच छताच्या, मोकळ्या सभागृहात गेला की त्याचे हात आणि डोळे दोन्ही चुकणार. उलट पाहुणा संघ तळघरात आला की तो गांगरणार. घरच्या मैदानाचा फायदा म्हणतात तो हाच, फक्त त्याची किंमत बाहेरगावी चुकवावी लागते.

त्यात तेव्हाचे नियम. प्रत्येक बास्केटनंतर चेंडू पुन्हा मध्यावर न्यायचा आणि जंप बॉल, म्हणजे पंचाने वर उडवलेल्या चेंडूसाठी दोघांनी उडी घ्यायची. ही पद्धत १९३७ पर्यंत चालली. जाळीला खालून तोंड नव्हतं, बास्केट झाला की चेंडू वरून काढावा लागे. ड्रिबल करत, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत, गेलेल्या खेळाडूला स्वतः बास्केटकडे चेंडू टाकायची परवानगी १९०८ पर्यंत नव्हती. त्याने पुढे न्यायचा आणि दुसऱ्याला द्यायचा. फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारी मोकळी फेक) मात्र संघातला एकच ठरलेला खेळाडू सगळे टाकू शके, फाउल कुणावरही झालेला असो. त्यामुळे नेम पक्का असलेला एक गडी म्हणजे निम्मा संघ. गुण कमी का होत आणि एका माणसाच्या येण्याजाण्याने निकाल एवढे का हलत, हे या नियमांवरून कळतं.

‘कोच’ म्हणजे कोण?

अ‍ॅलनबद्दलची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. लॉरेन्सच्या दक्षिणेला बाल्डविन सिटीत बेकर विद्यापीठ आहे. त्यांनी बास्केटबॉलचा कोच म्हणून अ‍ॅलनला बोलावलं, तेव्हा तो स्वतः कॅन्ससचा विद्यार्थी होता. नेस्मिथ यांना हसू आलं. बास्केटबॉल काय शिकवायचा असतो, तो नुसता खेळायचा असतो, असं काहीसं ते म्हणाले. हा किस्सा सहसा म्हाताऱ्याचं भाबडेपण दाखवायला वापरतात. (म्हातारे कसले, तेव्हा ते चाळिशीत होते.)

मला त्यात भाबडेपण दिसत नाही. त्यांना हा खेळ व्यायाम म्हणून हवा होता, चारित्र्य घडवणारा म्हणून हवा होता. धक्काबुक्कीशिवाय दमवणारा, कुणालाही पटकन शिकता येणारा. कॅन्ससच्या सामन्यांना ते पुष्कळदा पंच म्हणूनच उभे असत. आपल्याच संघाच्या सामन्यात शिट्टी हातात घेणारा माणूस स्वतःला त्या संघाचा कोच समजत असेल, असं म्हणणं अवघड आहे. ते स्वतः हा खेळ आयुष्यात फार तर दोनदा खेळले असं सांगतात. मन रमायचं ते कुस्ती आणि तलवारबाजीत.

आपल्याकडे हा फरक पटकन ध्यानात येतो. तालमीतल्या पैलवानाला वस्ताद लागतोच, वस्तादाशिवाय कुस्ती ही कल्पनाच आपल्याला करता येत नाही. पण गल्लीतला हुतुतू पोरं एकमेकांकडे बघून शिकतात, तिथे वस्ताद आला तर पोरंच हसतील. नेस्मिथ यांच्या लेखी त्यांचा खेळ दुसऱ्या जातीचा होता.

आणि ते एकटे नव्हते. नियम करणाऱ्यांचीही समजूत तीच होती. पुढे १९१० मध्ये सामना चालू असताना बाहेरून सूचना देण्याला नियमानेच मनाई झाली. टाइमआउटमध्ये कोचने खेळाडूंशी बोलायला मुभा मिळाली ती १९४९ च्या सुमारास. म्हणजे सामना हा पोरांचा, त्यात मोठ्या माणसाने तोंड घालायचं नाही, ही भूमिका पन्नास वर्षं टिकली. नेस्मिथ यांनी आपल्या कारकिर्दीत तिचं टोक गाठलं, इतकंच.

तेव्हा ५५–६० या आकड्याचं काय करायचं? आकडा खरा आहे. तो ज्या रकान्यात लिहिला जातो तो रकाना मात्र नंतरचा आहे. पुढे कोच नावाची मोठी नोकरी तयार झाली, तिच्या याद्या झाल्या, आणि यादीत सगळ्यात वर कुणाचं तरी नाव हवं म्हणून यांचं आलं.

तरी तो आकडा फोडून बघण्यासारखा आहे. पहिल्या सात मोसमांत ३६ विजय, ४५ पराभव. शेवटच्या दोन मोसमांत १९ विजय, १५ पराभव. त्यातला १९०५–०६ चा मोसम १२–७ असा होता, आणि त्या वर्षी अ‍ॅलन कॅन्ससकडून खेळत होता. म्हणजे चढ १९०७ च्या आधीच लागला होता. १९०६–०७ मध्ये अ‍ॅलन संघात नाही, आणि लगेच ७–८. एक चांगला गडी गेला की संघ बसतो, एवढाच अर्थ यातून निघतो.

१९०७ साली काय काय झालं

पहिलं, जिम. रॉबिन्सन जिम्नॅशियम ही खास व्यायामासाठी बांधलेली मोठी इमारत १९०७ मध्ये वापरात आली. तळघरातले खांब सुटले, छत वर गेलं, प्रेक्षकांना बसायला जागा झाली. पुढची वीस वर्षं कॅन्सस तिथेच खेळलं. ही इमारत उभी राहावी म्हणून झटणाऱ्यांत व्यायामाचे प्राध्यापक या नात्याने नेस्मिथही होतेच. आणि तिच्यात पहिल्या मोसमापासून कोच म्हणून वावरला तो दुसराच.

दुसरं, कॉन्फरन्स. मिसुरी व्हॅली कॉन्फरन्सची स्थापना जानेवारी १९०७ ची. कॅन्सस, मिसुरी, नेब्रास्का, आयोवा आणि सेंट लुईसचं वॉशिंग्टन विद्यापीठ हे सुरुवातीचे सदस्य. १९०७–०८ हा बास्केटबॉलचा पहिला मोसम. कॉन्फरन्समुळे काय बदलतं? वेळापत्रक आधी ठरतं. आजवर पत्रं लिहून, कुणाला वेळ आहे ते बघून, रेल्वेच्या भाड्याचा हिशेब करून सामने जमवावे लागत. आता बरोबरीच्या कॉलेजांशी ठरलेले सामने, ठरलेले पाहुणचार आणि शेवटी एक विजेता. हरण्याजिंकण्याला पहिल्यांदाच काहीतरी बक्षीस आलं.

तिसरं फारसं कुणी मोजत नाही, पण मला ते सगळ्यात बोलकं वाटतं : सामन्यांची संख्या. नेस्मिथ यांच्या नऊ मोसमांत मिळून ११५ सामने झाले, म्हणजे वर्षाला सरासरी तेरासुद्धा नाहीत. १९०६–०७ मध्ये १५. १९०७–०८ मध्ये २४. १९०८–०९ मध्ये २८. थोडक्यात उरकणारा छंद आता पूर्ण हिवाळा व्यापू लागला. चोवीस सामने खेळायचे तर पैसे लागतात, प्रवास लागतो, अभ्यास बुडवायची परवानगी लागते. हे सगळं एखादा कोच आपल्या खिशातून काढत नाही. विद्यापीठाने ठरवावं लागतं.

आणि चौथं, अ‍ॅलन.

भोंग्याचा आवाज

अ‍ॅलनचा जन्म १८८५ चा. मिसुरीतल्या इंडिपेन्डन्सला वाढला. भाऊही खेळाडू, घरातच निम्मा संघ. बेसबॉलच्या सामन्यात अंपायरिंग करताना त्याचा आवाज धुक्यात जहाजांना इशारा देणाऱ्या भोंग्यासारखा घुमायचा म्हणून ‘फॉग’ हे नाव पडलं, आणि वर्तमानपत्रवाल्यांनी ते ऐटीत, वेगळ्याच स्पेलिंगने छापायला सुरुवात केली. असा आवाज असलेला माणूस पंच म्हणूनही शोभला असता. पण त्याला बाकावर बसून संघ घडवायची ओढ होती.

त्याची परीक्षा घ्यायला १९०७–०८ हा मोसम पुरत नाही हे वर म्हटलं. पण दुसरीकडचा पुरावा आहे, आणि तो चांगला आहे. बेकरला अ‍ॅलनने तीन मोसम संघ सांभाळला. पहिल्या वर्षी १८–३. दुसऱ्या वर्षी १४–०. बेकरला ना रॉबिन्सन जिम मिळालं होतं, ना ते मिसुरी व्हॅलीत होते. लहानसं मेथडिस्ट कॉलेज. तिथे ३५ सामन्यांनंतर हा पठ्ठ्या अपराजित मोसमासह उभा आहे, आणि त्याच दोन हिवाळ्यांत शेजारी कॅन्ससचे निकाल १२–७ आणि ७–८. खेळ तोच, नियम तेच, राज्य तेच. नुसतं ‘खेळून’ येतं त्यापेक्षा शिकवून जास्त येतं, याला यापेक्षा साफ पुरावा त्या काळातून मिळणं अवघड.

मग येतं १९०७–०८. त्या हिवाळ्यात अ‍ॅलन कॅन्सस आणि बेकर दोन्ही संघ एकाच वेळी पाहत होता. कॅन्सस १८–६, बेकर १३–६. गेल्या वर्षी एकही सामना न हरलेलं बेकर सहा सामने हरलं. एकच कोच, एकच हिवाळा. ज्या कॉलेजाकडे नवं जिम आणि नवी कॉन्फरन्स होती ते वर गेलं, ज्याच्याकडे नव्हती ते खाली आलं. यातला किती भाग त्याचं लक्ष वाटलं गेल्यामुळे आणि किती भाग साधनांमुळे, हे वेगळं काढणं शक्य नाही. पण ‘अ‍ॅलन आला म्हणून कॅन्सस जिंकलं’ एवढ्यावर गाडी थांबवणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत.

पुढच्या वर्षी त्याने बेकर सोडलं आणि कॅन्ससच्या जोडीला लॉरेन्समधलीच हॅस्केल संस्था घेतली; ही आदिवासी अमेरिकनांच्या मुलांसाठी सरकारने १८८४ मध्ये काढलेली निवासी शाळा. कॅन्सस २५–३, हॅस्केल २७–५. एका हिवाळ्यात साठ सामने! या वर्षी ड्रिबल करणाऱ्याला स्वतः बास्केट टाकायची मोकळीक मिळाली होती, तेव्हा ज्याच्याकडे आधीपासून विचार करणारा कोच होता त्याला या बदलाचा फायदा झाला असणार. हा माझा अंदाज.

मग १९०९ मध्ये अ‍ॅलन सरळ निघून गेला. कॅन्सस सिटीला, ऑस्टिओपॅथी, म्हणजे हाडं-सांधे हाताने हाताळून उपचार करण्याची पद्धत, शिकायला.

त्याच्या पश्चात

इथे प्रकरण खरं रंगतं. कोच गेला, जिम राहिलं, कॉन्फरन्स राहिली. डब्ल्यू. ओ. हॅमिल्टन नावाचे गृहस्थ आले आणि १९०९–१० मध्ये संघ १८–१ असा खेळला. एकच पराभव! अ‍ॅलनच्या दोन्ही मोसमांपेक्षा प्रमाण सरस.

यावर दोन उत्तरं देता येतात. एक म्हणेल, बघा, यंत्रणा उभी राहिली की माणूस कुणीही चालतो. दुसरा म्हणेल, पोरं अ‍ॅलननेच तयार केलेली होती, हॅमिल्टन यांनी पिकलेलं तोडलं. दोन्हींची तपासणी पुढच्या वर्षांनी केली. १९१०–११ मध्ये १२–६, मग ११–७. अ‍ॅलनची पोरं पदवी घेऊन गेली आणि संघ मधल्या फळीत आला. दुसऱ्याचं बरोबर दिसतंय म्हणेपर्यंत १९१२–१३ मध्ये १६–६, १९१३–१४ मध्ये १७–१ आणि १९१४–१५ मध्ये १६–१. हे संघ तर पूर्णपणे हॅमिल्टन यांचे. आणि लगेच १९१५–१६ मध्ये ६–१२.

जिम तेच, कोच तोच, कॉन्फरन्स तीच. १६–१ वरून ६–१२. पहिला युक्तिवाद इथे कोसळतो, आणि ‘कोच हाच सगळं’ हाही. दहा मोसमांत हॅमिल्टन यांची बेरीज १२५–५९. चांगला कोच, चांगली जागा, आणि तरी पोरं नसली की खड्डा. कॉलेजच्या खेळात खेळाडू तीन-चार वर्षांनी जातोच, हे गृहीत धरून आकडे वाचायला हवेत.

अ‍ॅलन परतला १९१९ मध्ये. मोसमाचा पहिला सामना कार्ल श्लेडमन यांनी सांभाळला होता. उरलेल्यात १०–७. पुढच्या वर्षी १०–८. ज्याची कीर्ती जादूगाराची, त्याला दुसऱ्या खेपेला दोन वर्षं काही विशेष करता आलं नाही. तिसऱ्या वर्षी १६–२, चौथ्या वर्षी १७–१. या चौथ्या संघात बाकावर बसणाऱ्यांपैकी एक होता अ‍ॅडॉल्फ रप, जो पुढे केंटकीचा कोच म्हणून गाजला. त्यानंतर १९५६ पर्यंत अ‍ॅलन तिथेच होता. कॅन्ससमध्ये त्याची एकूण बेरीज ५९०–२१९. १९२७ मध्ये ड्रिबल जवळजवळ बंद करायचा घाट नियम समितीने घातला तेव्हा देशभरातल्या कोचना एकत्र आणून त्याने संघटना उभी केली. ज्या नोकरीला नेस्मिथ हसले होते तिचं सगळ्यात मोठं नाव म्हणजे अ‍ॅलन. आणि तरी १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकला बास्केटबॉल पहिल्यांदा अधिकृतपणे खेळला गेला तेव्हा नेस्मिथ यांना तिथे पाठवायला पैसे जमवले ते याच कोचच्या संघटनेने.

मग श्रेय कुणाचं?

माझं मत असं. कोचचा परिणाम खरा आहे, पण त्याचा पुरावा कॅन्ससच्या १९०७–०८ मध्ये शोधू नये; तो बेकरच्या १९०५–०७ मध्ये आहे. कॅन्ससच्या त्या मोसमात दिसतो तो विद्यापीठाने घेतलेला निर्णय : हा खेळ आता व्यायामाचा तास नाही, जिंकायची गोष्ट आहे. जिम बांधलं, कॉन्फरन्समध्ये शिरले, सामने दीडपटीहून जास्त केले, आणि जिंकून देणं हेच काम असलेला माणूस ठेवला. चारही गोष्टी एकाच निर्णयाची अंगं आहेत. त्यातली एक उचलून तिच्या गळ्यात हार घालणं हा पुतळे उभारण्याचा छंद झाला.

नेस्मिथ त्या निर्णयाच्या बाजूचे नव्हते, पण आडही आले नाहीत. ते बाजूला झाले आणि आपल्या मूळ कामाला लागले. १९३७ पर्यंत कॅन्ससमध्ये शारीरिक शिक्षण शिकवत राहिले. १९३३ मध्ये जॉन मॅक्लेन्डन हा कृष्णवर्णीय विद्यार्थी तिथे आला. विद्यापीठाच्या संघात त्याला खेळू दिलं जात नव्हतं, आणि तो संघ अ‍ॅलनचा होता. नेस्मिथ त्याचे सल्लागार झाले. त्यांच्याकडून शिकून गेलेल्या मॅक्लेन्डनने पुढे टेनेसी स्टेटला १९५७ ते १९५९ असं लागोपाठ तीनदा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. बास्केटबॉल शिकवायचा नसतो म्हणणाऱ्याच्या हाताखालून कोचच बाहेर पडत होते, हा त्यातला विनोद.

एक शेवटचा मुद्दा, जो हिशेबात सहसा धरला जात नाही. १९१९ मध्ये परतलेल्या अ‍ॅलनला संघ बसवायला दोन मोसम लागले. १९०७ मध्ये मात्र, वयाने लहान, अनुभवाने कमी आणि बेकरची जबाबदारी डोक्यावर असताना, त्याला ते पहिल्याच फटक्यात कसं साधलं? एका वर्षात संघातली सगळी पोरं बदलत नाहीत. त्याच्या हाती आलेल्यांपैकी बरीच स्नो हॉलच्या त्या बुटक्या तळघरात खेळलेली, नेस्मिथ यांच्याच वर्गातली असणार. आदल्या वर्षी ७–८ ठरलेली पोरं इतकी वाईट नसावीत.